कौल, कौलनामा आणि आखातातली वखार

रानजाई
एका इंग्रजी लेखाचं मराठी करतेय. विषय आहे १८व्या शतकाच्या अखेरचं इराणचं आखात. मस्कतचा राज्यकर्ता आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात १२ ऑक्टोबर १७९८ रोजी झालेल्या कराराला त्यात चक्क ‘कौलनामा’ म्हटलंय. हा आपलाच कौल का? म्हणजे देवळातला, निवडणुकीतला? मराठीत तसाच ठेवू की सरळ ‘तह’ करून टाकू? दुसरी अडचण अशी की त्या करारात इंग्रजांना बंदर अब्बासला ‘फॅक्टरी’ काढायची मुभा आहे. मी ‘कारखाना’ लिहून मोकळी झाले, पण आता शंका येतेय. १७९८ साली तिथे ते बनवणार काय होते?

खडूस
हवा. रणरणतं ऊन आणि दमट हवा तिथे मुबलक.

मोडीप्रेमी
कारखाना आधी खोडा. त्या काळी कंपनीच्या परदेशातल्या अडत्याला फॅक्टर म्हणत आणि तो राहायचा, माल साठवायचा, हिशेब लिहायचा ती जागा म्हणजे फॅक्टरी. आपल्याकडे तिला वखार म्हणायचे. सुरतेची वखार, राजापूरची वखार. शाळेच्या पुस्तकात हे सगळ्यांनी वाचलेलं असतं, तरी भाषांतर करताना हात कारखान्याकडेच जातो. आता वखार म्हटलं की लोकांना लाकडाची किंवा कोळशाची आठवते, त्याला इलाज नाही.

मात्र ही वखार साधी नव्हती. करारात लिहिलंय की तिथे तटबंदी करावी, हव्या तेवढ्या तोफा चढवाव्यात, ४०-५० इंग्रज आणि ७०० ते ८०० शिपाई ठेवावेत. गोदाम राखायला ८०० शिपाई लागत नाहीत.

आता कौल. हो, तो आपलाच. अरबीत ‘क़ौल’ म्हणजे बोललेला शब्द, म्हणून वचन. फारसीतून ‘क़ौलनामा’ आला आणि दख्खनच्या दफ्तरांत इतका रुळला की परका वाटेनासा झाला. ओसाड गाव वसवायचा असेल तर सरकार रयतेला कौल देई, की या, जमीन कसा, पहिली काही वर्षं सारा हलका, मग चढत जाईल. त्या चढत्या साऱ्याला इस्तावा म्हणत. इंग्रजांनीही हा शब्द उचलला आणि आपल्या स्पेलिंगात वापरला. तेव्हा ‘कौलनामा’च ठेवा. अरबी, फारसी, मराठी आणि कंपनीची कचेरी, चौघांना एकच शब्द कळत होता. तो खोडून ‘तह’ लिहिण्यात काय मिळवायचं?

रानजाई
धन्यवाद! मग ‘कबूल’ आणि ‘कौल’ एकाच धातूचे का? आणि घरावरचं कौल?

मोडीप्रेमी
दोन्ही नाही. कबूलचा धातू वेगळा, क़-ब-ल. कौलाचं नातं कव्वालीशी आहे. छपरावरचं ‘ते’ कौल, नपुंसकलिंगी, आणि वचनाचा ‘तो’ कौल. लिंगानेच फरक कळतो.

बोटीवरचा
देवळातला कौल मात्र तोच. आमच्या गावी गुरव मूर्तीला कळ्या लावतो. उजवी पडली तर काम करा, डावी पडली तर थांबा. देव बोलला, म्हणून कौल. मस्कतला १४ वर्षं नोकरी केली, पण त्या शहराचा कौलनामा होता हे आज कळतंय. आम्हाला मस्कत माहीत ते डाळिंबाच्या जातीमुळे, नाहीतर व्हिसामुळे.

खडूस
मोडीप्रेमी, एक खटकतंय. तुमच्या उदाहरणांत कौल देणारा नेहमी वरचढ आहे. सरकार रयतेला देतं, देव भक्ताला देतो. निवडणुकीतही जनता देते आणि पुढारी हात जोडून घेतो. मग १७९८ मध्ये कौल कोणी कोणाला दिला? कंपनीने मस्कतला?

मोडीप्रेमी
नेमकी नस पकडलीत. दिला मस्कतने. कागद जवळजवळ सगळा त्याच्याच तोंडचा आहे, की मी असं करीन, मी तसं होऊ देणार नाही. रूपाने पाहिलं तर राजा परदेशी व्यापाऱ्याला अभय देतोय, जसं शतकानुशतकं चालत आलं होतं. आतला मजकूर वाचला की चित्र फिरतं. फ्रेंच आणि डच यांना त्याच्या मुलखात ठाणं करू द्यायचं नाही. त्याच्या नोकरीत एक फ्रेंच माणूस होता, तो तेव्हा त्याचं जहाज घेऊन मॉरिशसला गेला होता. परत आला की त्याला काढून टाकायचं, हेही लिहून घेतलंय. घरात चाकर कोण ठेवायचा ते पाहुण्याने ठरवावं, आणि वर त्याला यजमानाचं वचन म्हणावं, असा प्रकार.

तारीख बघा म्हणजे घाई कळेल. जुलै १७९८ मध्ये नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला होता. तिथून हिंदुस्थानची वाट आखातावरूनही जाते. मस्कतला टिपूची कोठी होती, आणि मॉरिशस फ्रेंचांकडे असल्यामुळे मस्कतच्या व्यापाऱ्यांची तिकडे नेहमीची ये-जा. मुंबईचा गव्हर्नर जोनाथन डंकन. त्याने मेहदी अली खान या मूळच्या इराणी गृहस्थाला इराणच्या बुशहर बंदरात रेसिडेंट, म्हणजे कंपनीचा तिथे राहणारा प्रतिनिधी, म्हणून पाठवलं, आणि खानाने जाता जाता मस्कतला हा कौलनामा करून घेतला. पुढे जानेवारी १७९९ मध्ये नेपोलियनने कैरोहून मस्कतला पत्र लिहिलं, सोबत टिपूसाठीही एक. दोन्ही वाटेतच इंग्रजांच्या हाती लागली.

रानजाई
लेखात त्या राज्यकर्त्याला कुठे ‘इमाम’ म्हटलंय, कुठे ‘सुलतान’. मराठीत काय लिहू?

मोडीप्रेमी
यात भले भले फसतात. सुलतान हे त्याचं नाव आहे, पद नव्हे. सुलतान बिन अहमद. इमामपद त्याच्या भावाकडे, सईदकडे होतं. हा स्वतः सय्यद म्हणवे. इंग्रज मात्र कागदोपत्री त्याला सरसकट इमाम म्हणत राहिले. तुम्ही ‘सय्यद सुलतान’ लिहा आणि एकदा खुलासा करा.

बोटीवरचा
बंदर अब्बास तर इराणचं. त्याचा कौल मस्कतवाला कसा देतो?

मोडीप्रेमी
त्याने ते बंदर इराणकडून खंडाने घेतलं होतं. म्हणजे खंडकरी पोटभाडेकरू ठेवतोय, तोही तोफांसकट. आणि हे बंदर मुळात अशाच झटापटीतून वर आलं. १६२२ साली इराणच्या शाह अब्बासच्या फौजेने इंग्रजी जहाजांची मदत घेऊन पोर्तुगिजांकडून हुर्मुज बेट घेतलं, आणि व्यापार समोरच्या किनाऱ्यावरच्या या गावात हलला. इंग्रजांना बक्षीस म्हणून तिथल्या जकातीत निम्मा वाटा कबूल झाला होता. पुढे तो वसूल करताना त्यांच्या नाकी नऊ आले. वर्षभरातच डचही वखार मांडून बसले.

जाता जाता, ‘जकात’ हाही आखातातून आलेला शब्द. मूळ अर्थ धर्माने सांगितलेलं दान. आपल्याकडे तो नाक्यावर उभा राहिला.

खडूस
दानाचा टोलनाका. ह्याला म्हणतात शब्दप्रवास.

पोर्तुगीज निघालेच आहेत तर ‘कर्ताझ’ही घ्या. त्यांचा परवाना नसेल तर जहाज पकडायचे. आंग्र्यांचं दस्तक त्याच जातीचं. पोर्तुगिजांनी हा शब्द अरबी ‘क़िर्तास’वरून घेतला, अर्थ कागद. तो अरबीत ग्रीकमधून आला. आणि आपलं काडतूस हेही दुसऱ्या वाटेने त्याच ग्रीक शब्दापाशी पोचतं, कारण दारू कागदाच्या सुरळीत भरत. एकाच घरातली दोन भावंडं, परवाना आणि काडतूस. समुद्रावर दोघं बरोबरच फिरायची.

रानजाई
हे कुठेतरी घुसडलंच पाहिजे मला. आता शेवटची अडचण. पुढे लेखात १८०० सालचा दुसरा करार आहे, कंपनीचा वकील जॉन माल्कम याने केलेला. त्यात म्हटलंय की ही मैत्री काळाच्या अंतापर्यंत, सूर्य-चंद्राचं फिरणं संपेपर्यंत अढळ राहो. शब्दशः केलं तर फार कृत्रिम वाटतं.

मोडीप्रेमी
अहो, हे तर आपल्या दानपत्रांतलं ‘आचंद्रार्क’! ‘यावच्चंद्रदिवाकरौ’! तयार नाणं आहे, वापरा. तो करार १८ जानेवारी १८०० चा. सय्यद सुलतानाने पहिला कौल दिल्यावरही मॉरिशसशी व्यापार सोडला नव्हता, म्हणून माल्कम आला. कंपनीचा एक प्रतिष्ठित माणूस मस्कतला कायम राहील, एवढं त्याने पदरात पाडून घेतलं. हिंदुस्थानातली बंदरं तुमच्या जहाजांना बंद होतील, ही धमकी पुरली. पहिला रेसिडेंट बोगल हा डॉक्टर होता, तो त्याच वर्षी मेला. चंद्रसूर्य राहिले.

हाच माल्कम जून १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाला सामोरा गेला आणि ८ लाखांचा तनखा ठरवून बसला. शब्द देण्या-घेण्यात माणूस मुरलेला होता.

बोटीवरचा
दुबई-शारजाच्या किनाऱ्याला पूर्वी ‘ट्रुशल’ म्हणत, इंग्रजी ‘ट्रूस’वरून. त्याला मराठी काय? तहाचा किनारा?

मोडीप्रेमी
इथे दोन मराठी शब्द लागतील. १८१९ मध्ये मुंबईहून आरमार जाऊन रास अल-खैमा उद्ध्वस्त करून आलं. तिथल्या कवासिम या अरब टोळीच्या लोकांना इंग्रज चाचे म्हणत. त्यांच्या बाजूने पाहिलं तर ते इंग्रजांशी आणि मस्कतशी व्यापारात टक्कर देणारे दर्यावर्दी होते. मग त्या किनाऱ्यावरच्या शेखांशी १८२०चा करार झाला तो ‘तह’. १८३५ची गोष्ट निराळी. मोत्यांच्या हंगामापुरतं समुद्रावर आपसात लढायचं नाही, एवढंच शेखांनी मान्य केलं, आणि दरवर्षी मुदत वाढवत नेली. त्याला नेमका शब्द ‘तहकुबी’. सभा तहकूब करतात तशी लढाई तहकूब. १८४३ मध्ये १० वर्षांची तहकुबी झाली आणि १८५३ मध्ये कायमची. कायमची तहकुबी म्हणजे कामकाजच संपलं. शेवटी १८९२ मध्ये शेखांनी लिहून दिलं की ब्रिटिशांखेरीज कोणत्याही सत्तेशी करार करणार नाही, त्यांच्या संमतीशिवाय दुसऱ्या सरकारचा माणूस मुलखात राहू देणार नाही. १७९८ च्या कौलातलं कलमच वाढत गेलं म्हणा ना.

खडूस
म्हणजे कौल ‘देणारा’ शेवटपर्यंत तेच. व्याकरणाने कर्ता, बाकी सगळं कर्म.

रानजाई
ठरलं तर. कौलनामा, वखार, आचंद्रार्क, तहकुबी. मजकूर असा करतेय: ‘सय्यद सुलतानाने कंपनीला कौलनामा लिहून दिली…’

मोडीप्रेमी
दिला. तो कौलनामा.