कॉलेजच्या शिक्षकांची प्रशिक्षणं : ओरिएंटेशन, रिफ्रेशर, एफडीपी... त्यातलं तुमच्या वर्गात काय उतरलं?

चाफेकळी
काल सहकाऱ्याच्या कॅसच्या (बढतीच्या) फाइलसाठी कागद शोधताना माझंच २००३चं ओरिएंटेशनचं प्रमाणपत्र हाताला लागलं. चार आठवड्यांचं. हे कोर्स घेणाऱ्या केंद्राला तेव्हा अकॅडमिक स्टाफ कॉलेज म्हणायचे, २०१५ला नाव एचआरडीसी झालं, २०२३पासून मालवीय मिशन.

त्यातला मायक्रोटीचिंगचा तास डोळ्यांसमोर आला. दहा मिनिटं शिकवायचं, बाकीच्यांनी मागे बसून टिपायचं. मी भूगोलाची, मोसमी वारे घेतले. छान झालं असं वाटत होतं. संस्कृतच्या एका ज्येष्ठ मॅडमनी जाता जाता चिठ्ठी दिली : "प्रश्न १४. उत्तरासाठी थांबलात : एकदाही नाही." त्या रात्री हॉस्टेलवर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी एका तज्ज्ञांनी मेरी बड रो यांच्या १९७०च्या दशकातल्या कामाबद्दल सांगितलं. शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तरी मुलांची उत्तरं लांबतात, विचार करून येतात, गप्प बसणारीही बोलतात.

परत आल्यावर एफवायच्या वर्गात मनात आकडे मोजत थांबले. फार जड गेलं. मग शेवटच्या बाकावरून, वर्षभर तोंड न उघडलेली मुलगी म्हणाली, "मॅडम, ढग आमच्या माण तालुक्यावरून जातात, मग पडत का नाहीत?" पर्जन्यछाया मी तोवर आठ वर्षं फळ्यावर काढत होते. त्या दिवशी पहिल्यांदा ती कुणालातरी हवी होती म्हणून शिकवली.

तुमचे अनुभव लिहा. वाईटही लिहा.

खान्देशी_ठेचा
आयआयटी बॉम्बेचं टी१०केटी. दहा हजार शिक्षकांना शिकवायचं म्हणून ते नाव. आमचं कॉलेज रिमोट सेंटर होतं, पडद्यावर पवई आणि समोर आम्ही चाळीसेक जण. थिंक-पेअर-शेअर तिथं कळलं. आधी एकट्यानं वहीत लिहायचं, मग शेजाऱ्याशी बोलायचं, मग सगळ्यांसमोर. प्रोग्रामिंगमधले पॉइंटर शिकवताना केलं तर एवढा गलका झाला की बाजूच्या वर्गातले सर बघायला आले. दोन आठवड्यांनी त्यांच्या वर्गातून तसाच आवाज. मला तो आवाज फार आवडतो.

मालवणी_माणूस
हॉस्टेल म्हटल्यावर आठवलं!! रिफ्रेशरला रूममेट इंफाळचा. पहिले दोन दिवस दोघंही भिडस्त. तिसऱ्या दिवशी त्यानं घरून आणलेले सुके मासे काढून एरोम्बा केला. मी सुक्या बांगड्यावर वाढलेला माणूस, पुढं काय सांगायचं. अजून दर दिवाळीला फोन असतो. कोर्समध्ये काय शिकवलं ते नंतर आठवून लिहितो.

तासिका_१२
मी सीएचबीवर, म्हणजे तासांप्रमाणे पैसे, नववं वर्ष. ओरिएंटेशनला गेले तर तेवढे दिवस तास नाहीत, म्हणजे पैसे नाहीत. तरी अर्ज केला होता. "कायम झाल्यावर बघू" असं उत्तर आलं. माझ्यासमोर पण तीच मुलं बसतात ना? शिकायची इच्छा आहे, कोणी बसू देत नाही.
चाफेकळीताई, ती चिठ्ठीवाली पद्धत घरच्या घरी करता येईल का?

खान्देशी_ठेचा
@तासिका_१२ वाचून वाईट वाटलं. मोबाइल समोरच्या बाकावर ठेवून स्वतःचा तास रेकॉर्ड करा, फक्त आवाज. पहिली पाच मिनिटं ऐकवत नाही, मग कळायला लागतं.

ओलीमाती
वाचतेय, कुकर लावून येते

ओलीमाती
आले. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन रिफ्रेशर केला. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, दोन आठवडे, मुलगा मांडीवर. "विद्यार्थ्यांना बोलतं करा" हे दीड तास ऐकलं आणि त्या दीड तासात आम्हाला एकदाही बोलू दिलं नाही. राग आला होता, अजून येतो. पण जेवणाच्या सुट्टीत चॅटवर मेळघाटात शिकवणाऱ्या एका सरांनी लिहिलं की नेटवर्क नाही म्हणून ते सात-आठ मिनिटांच्या ऑडिओ क्लिप पाठवतात. मुलं टेकडीवर जाऊन उतरवून घेतात आणि घरी ऐकतात. ते मी लगेच उचललं. अर्थशास्त्रातली मागणीची लवचिकता फक्त आवाजात समजवायची तर उदाहरण चोखच लागतं. कांद्याचं घेतलं.

सातासमुद्रा
इकडे यूकेत बऱ्याच विद्यापीठांत नवीन लेक्चररला प्रोबेशनमध्येच पीजीसर्ट, म्हणजे शिकवण्याचा प्रमाणपत्र कोर्स, करावा लागतो, त्यातून अॅडव्हान्स एचई या उच्चशिक्षणातल्या संस्थेची फेलोशिप मिळते. लेखी काम खूप. मला उपयोग झाला तो एकमेकांचे तास बघण्याचा. तासाआधी बघणारा विचारतो, "मी नेमकं काय बघू?" मी म्हटलं, उजवीकडच्या बाकांकडे माझं लक्ष जातं का ते बघ. जात नव्हतं.

घाटावरचा
बढतीसाठी, पगाराच्या लेव्हल १० वरून ११ ला, २१ दिवसांचं ओरिएंटेशन लागतं ना? नवीन शिक्षकांसाठीचं गुरुदक्षता केलंय एक महिन्याचं. कोणी तेच लावून बढती घेतलीय का? घाईत विचारतोय, शुक्रवारी फाइल द्यायचीय.

मालवणी_माणूस
@घाटावरचा मी तेच लावलं, चाललं. प्रमाणपत्राची मूळ प्रत सोबत ठेव.
@ओलीमाती कांद्याचं मी पण घेतो. मुलांच्या घरचंच असतं ते.

चाफेकळी
@तासिका_१२ तुमचा प्रश्न सकाळपासून डोक्यात आहे. बघायला दुसरं माणूस लागतं, एवढंच. कुठं असता तुम्ही?

तासिका_१२
कराड

चाफेकळी
अगं, मी साताऱ्यात! गुरुवारी मला तास नसतात. तुमच्या प्राचार्यांची परवानगी काढा, मी येऊन शेवटच्या बाकावर बसते. आणि नंतर तुम्ही माझ्या वर्गात या. काय बघायचं ते आधी कळवा, सातासमुद्रा म्हणतात तसं.

तासिका_१२
ताई खरंच? गुरुवारी ११.३०ला एसवाय आहे, राज्यशास्त्र. पंचायत राज, ७३वी घटनादुरुस्ती. मुली बोलत नाहीत, तेवढंच बघा.

चाफेकळी
येते. सकाळची एसटी धरते.

ओलीमाती
मालवणी, एरोम्ब्यात बटाटा घालतात का?

मालवणी_माणूस
घालतात, उकडून, मिरचीबरोबर ठेचून. त्याला विचारून नीट लिहितो.