मदत हवी आहे: रोटरॅक्टला जावं की गावच्या युवा मंडळात?

नमस्कार मंडळी. मी सांगलीत विश्रामबागला राहते, कुपवाड एमआयडीसीत अकाउंट्सला आहे. कॉलेजात एनएसएस केलं होतं. वर्षाला १२० तासांचं काम, सात दिवसांचं शिबिर, श्रमदान, रक्तदान, सगळं. शिबिरातली आमटी सोडली तर तक्रार नाही. नोकरी लागली आणि ते सुटलं.

आता मैत्रीण रोटरॅक्टला, म्हणजे रोटरीच्या तरुणांसाठीच्या सेवा क्लबला, चल म्हणून मागे लागलीय. वय १८ पूर्ण लागतं. ३० ची वरची मर्यादा रोटरीने २०२० मध्ये काढली, पण एखादा क्लब स्वतःची अट ठेवू शकतो, एवढं कळलंय. क्लबचं नवीन वर्ष १ जुलैपासून, तेव्हाच अध्यक्ष, सचिव, खजिनदार बदलतात. खजिनदारकी माझ्या गळ्यात पडणार हे उघड आहे!

पण सभासद बाकी महिनाभर करतात काय? २०१९ च्या पुरात पोरांनी केलं तसं अंगमेहनतीचं काम असेल तर मी आनंदाने येईन. नुसतं शाल-श्रीफळ आणि फोटो असतील तर नको. भाषणाचा सराव, कार्यक्रम आखणं, हिशेब मांडणं हे खरंच शिकायला मिळतं का?

दुसरीकडे चुलतभाऊ तासगावजवळ गावात युवा मंडळ काढतोय. त्यासाठी केंद्र सरकारच्या 'माय भारत' या तरुणांसाठीच्या पोर्टलवर नाव नोंदवायला सांगतोय, तिथे वयोगट १५ ते २९.

वर्गणी साधारण किती पडते? आणि बैठका संध्याकाळी सातनंतर असतात का? माझी शिफ्ट साडेसहाला सुटते. ज्यांनी दोन्हीकडे काम केलंय त्यांनी जरूर सांगा.