अनुभव धागा: स्वस्तातल्या चैनी, कृतीसकट

हाताशी तासभर मोकळा वेळ असावा, खर्च दोन-तीनशेच्या आत बसावा आणि उठल्यावर अंग हलकं वाटावं. अशा चैनी इथे लिहा. अट एकच: आठवणी, आजोळ, पाऊस आणि खिडकी यांना आज सुट्टी. त्यांच्यावर धागे पुष्कळ निघालेत. इथे काय घ्यायचं, किती घ्यायचं, कुठे बिघडतं आणि का बिघडतं एवढंच हवं. सुरुवात मीच करते.

काशाच्या वाटीने पाय घासणे. दोन पायांना मिळून एक चमचा साजूक तूप, जड बुडाची वाटी आणि टाकाऊ टॉवेल एवढं पुरतं. दुसऱ्याने घासून दिलं तर उत्तम. स्वतःचा पाय मांडीवर घेऊन वाकलं की पायाचा शीण पाठीत जातो.

वाटी घेताना सांभाळा, काशाच्या भावात पितळ खपवतात. काशात साधारण ७८ टक्के तांबं आणि २२ टक्के कथील असतं, पितळेत तांब्याच्या जोडीला जस्त. वाटी बोटांच्या टोकांवर तोलून काठावर टिचकी मारा. काशाचा नाद घुमत राहतो, पितळ लगेच गप्प होतं. पितळेची वाटी पडली तर पोचा येतो, काशाची पडली तर तडकते, त्यामुळे तुपाच्या हाताने ती घेऊन घरभर हिंडू नये.

पाय धुऊन पूर्ण कोरडे करा. तळव्याला चकाकी येईल इतकंच तूप लावा. वाटीच्या बुडाने टाचेपासून चवड्याकडे लांब हात, मग चवड्याखालच्या गादीवर गोल. एका पायाला ८ ते १० मिनिटं. वाटी अडकायला लागली की थेंबभर तूप घाला. बहुतेक जण इथे जोर वाढवतात आणि मग कातडी हुळहुळते.

तळवा काळा पडतो त्याबद्दल ‘अंगातली उष्णता बाहेर आली’ असं छातीठोक सांगणारे भेटतील. घासताना धातूचा अतिबारीक अंश सुटतो, तूप-घामातल्या आम्लांशी त्याचा संयोग होतो आणि तो काळा दिसतो, बाकी काही नाही. आराम चोळण्याचा आहे आणि तो भरपूर आहे. मधुमेहाने तळव्याची संवेदना कमी झाली असेल किंवा भेगा चिरल्या असतील तर हे करू नका. शेवटी मूठभर बेसनाने तूप टिपून घ्या आणि मोजे घाला. तुपाचा पाय आणि गुळगुळीत फरशी म्हणजे अस्थिरोगतज्ज्ञाकडची फेरी.

तुळईवाला

झोपाळ्यावर बसण्याचं सुख बसताना नाही, टांगतानाच ठरतं. झोक्याची लय बसणाऱ्याच्या वजनावर अवलंबून नसते, कड्यांच्या लांबीवर असते. टांगलेल्या जागेपासून बसलेल्या माणसाच्या पोटापर्यंत सव्वादोन मीटर अंतर असेल तर जाऊन-येऊन एक झोका ३ सेकंदांचा होतो. तेच अंतर एक मीटर असेल तर २ सेकंदांचा. गॅलरीतल्या स्टँडला लटकवलेल्या वेताच्या टोपलीत डोळा लागत नाही तो यामुळेच. छत दहा फुटी असेल तर नशीबवान समजा, नऊ फुटी असेल तरी पावणेतीन सेकंदांच्या आसपास जमतं.

पाट जमिनीपासून दीड फूट. त्याहून उंच केला तर तळवे टेकत नाहीत आणि रेटा देता येत नाही. मागे भिंतीपर्यंत निदान तीन फूट मोकळे ठेवा. चार कड्या सारख्या लांबीच्या असूनही पाट तिरका बसत असेल तर हूक वरखाली आहेत. एका बाजूला कडीचा एखादा दुवा वाढवून ते निस्तरतं, पाटाखाली फळी ठोकून नाही.

हूक तुळईत हवेत. बांधकाम चालू असतानाच सळ्यांना अडकवून ठेवले तर सगळ्यात बरं. नंतर बसवायचे तर स्थापत्य अभियंत्याला दाखवून, जाड फास्टनर वापरून. पीओपीच्या खोट्या छताला काही टांगू नका, हे सांगावं लागतं हे दुर्दैव. दोन माणसं आणि शिसवी पाट मिळून दोनशे किलोंच्या घरात जातात, आणि झोका ३० अंशांपर्यंत गेला की खालून जाताना ताण वजनाच्या सव्वापट होतो. पोरं त्याहून वर नेतातच.

करकर आवाजाला सगळे खोबरेल सोडतात. ते धूळ धरतं, पंचवीस अंशांखाली थिजतं आणि महिन्याभरात काळा चिखल होतो. ग्रेफाइटची पूड घाला, नसेल तर मऊ पेन्सिलीचं शिसं घासा. नायलॉनचं बुश बसवलं तर प्रश्नच मिटतो. वर्षातून एकदा कड्या उतरवून हुकाला टेकणारी जागा बघा. खाच पडलेली दिसली की कडी बदला, हूकही बदला.

सहाण

जायफळाची कॉफी. दोन कपांना ३०० मिली दूध, ५० मिली पाणी, तीन छोटे चमचे साखर, दोन सपाट चमचे इन्स्टंट कॉफी. साखर आणि कॉफी चमचाभर पाण्यात फिकट होईपर्यंत फेटा, त्यावर दूध ओता. जायफळ सहाणेवर दुधाच्या थेंबात दहा-बारा वळसे उगाळा आणि गॅस बंद केल्यावर घाला. वर झाकण, दोन मिनिटं. उकळत्या दुधात घातलं तर वास स्वयंपाकघरात आणि कडवटपणा कपात. डबीतली तयार पूड घेऊ नका. जायफळाचा वास उडून जाणाऱ्या तेलात असतो, पूड केली की तो फार टिकत नाही.

दुधावर साय नको असेल तर ढवळत राहण्याला पर्याय नाही. गाळण्याने साय काढली की फेसही जातो.

दोन इशारे. जायफळ चिमूटभरच. दोन-तीन चमचे पूड पोटात गेली तर मळमळ, धडधड, भ्रम असं सगळं होतं आणि ते दिवसभर उतरत नाही. दुसरं, ‘जायफळाने झोप येते’ म्हणून रात्री नऊला ही कॉफी घेणारे लोक आहेत. कॅफीन निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात, म्हणजे पहाटे दोनला अर्धी कॉफी जागीच. रात्री हवं असेल तर कॉफी वगळा आणि नुसतं जायफळाचं दूध प्या.

त्रयोदशगुणी

विडा घरी लावावा. पानाच्या ठेल्यावर गोड सरबतं आणि रंगीत बडीशेप यांत पान हरवतं.

पान निवडताना: कपुरी पातळ, जरा तिखट. मघई लहान, मऊ, तोंडात विरतं. कलकत्ता मोठं आणि जाड, भरायला सोपं पण चावायला दांडगं. वसईकडचं पान मिळालं तर आधी तेच घ्या. पानं धुऊन पुसा, देठ आणि टोक खुडा, मधली शीर नखाने सोलून काढा. ही शीर राहिली की घडी उलगडते.

चुना दोन पानांना मिळून तुरीच्या अर्ध्या डाळीएवढा. पानभर पुसट पसरायचा, ठिपका ठेवायचा नाही. जीभ भाजते ती ठिपक्यामुळे. भाजलीच तर खोबरं चावा. काताची पूड चिमूटभर. चुन्याच्या अल्कलीत कात लाल होतो, तोंड रंगतं ते त्यामुळे. नुसता कात घातला तर तुरट लागतो पण रंग येत नाही. मग एक चमचा गुलकंद, किसलेलं सुकं खोबरं, भाजलेली बडीशेप, एक वेलदोडा, जायपत्रीचा तुकडा. गुलकंद फार पातळ असेल तर आधी निथळून घ्या, नाहीतर तळातून गळतो. पानाचा कोन करून भरायचा, वरची बाजू आत दुमडून लवंग टोचायची, की गोविंदविडा तयार.

तेरा जिन्नसांचा पुरा विडा हवा असेल तर: पान, सुपारी, चुना, कात, लवंग, वेलदोडा, जायफळ, जायपत्री, कंकोळ, केशर, खोबरं, बदाम, कापूर. कापूर भीमसेनी, म्हणजे खायचा, तोही मोहरीएवढा. आरतीच्या वड्या विषारी आहेत, त्या चुकूनही नकोत.

कवळीवाल्यांसाठी कुटलेला विडा: दहा पानं, तीन चमचे गुलकंद, दोन चमचे खोबरं, एक चमचा बडीशेप, चार वेलदोडे, दोन लवंगा, ज्येष्ठमधाची बोटभर कांडी. आधी कोरडं कुटून चाळायचं, मग पानं चिरून घालायची. उलट केलंत तर ज्येष्ठमधाचे धागे दातात. बरणीत भरून फ्रीजमध्ये आठवडाभर राहतो. कोरी पानं मात्र फ्रीजमध्ये काळी पडतात. ती ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा, फडकं रोज बदला आणि कुजकं पान दिसताच काढा, ते शेजारच्यांना बाटवतं.

रिकामटेकडी

@त्रयोदशगुणी, यादी झकास, पण सुपारी गाळा. तंबाखू नसली तरी नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये तिला पहिल्या, म्हणजे खात्रीने कर्करोगकारक ठरलेल्या गटात टाकलं. कधीमधीच्या सणाला कोणी ऐकणार नाही हे माहीत आहे, पण रोजच्या विड्यात नको. कुरकुरीतपणा हवा असेल तर भाजलेली धनाडाळ किंवा खारकेचे बारीक काप घाला.

नळकांडं

रविवारी शाईची पेनं धुऊन भरणे. ज्यांना हे कंटाळवाणं वाटतं त्यांनी खाली सरकावं.

ड्रॉपरने भरायचं पेन घ्या, एबोनाइटचं (कडक रबराचं) असेल तर आणखी बरं, हाताला गार लागत नाही. निब आणि फीड (निबेखालची, टाकीतली शाई निबेला पोचवणारी पट्टी) असलेला भाग उघडून साध्या थंड पाण्यात तासभर ठेवा. गरम पाणी नको, एबोनाइट फिकट पडून मातकट दिसू लागतं. मग रबरी फुगा लावून पाणी ढकलत राहा, स्वच्छ पाणी येईपर्यंत. स्पिरिटला हात लावू नका, प्लॅस्टिक तडकतं. निब कागदी रुमालावर उभी धरून ठेवा, ओल ओढली जाते. फीडमध्ये पाणी राहिलं तर पहिलं पान फिकट उमटतं आणि लोक शाईला नावं ठेवतात.

भरताना टाकी काठोकाठ नको, आट्यांच्या खाली बोटभर जागा सोडा. आट्यांवर सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात फिरवा. व्हॅसलीन चालतं म्हणतात, पण ते रबरी चकती फुगवतं. पेन नेहमीच्या वापराची शाई मागतं. चित्रकलेची वॉटरप्रूफ शाई भरली तर त्यातली लाख फीडमध्ये सुकते आणि पेन संपलं म्हणून समजा.

आता नेहमीची तक्रार: पेन अचानक ठिपका टाकतं. टाकी पाव उरली की तसं होतं. आत हवा जास्त असते, हाताच्या उबेने ती फुगते आणि शाईला फीडमधून बाहेर रेटते. अर्धी संपली की भरून टाका. विमानात नेताना टाकी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी, अधलंमधलं नको.

कागद बघा. स्वस्त वहीत शाई फाटते, म्हणजे अक्षराला केस फुटतात. दुकानात पानाच्या कोपऱ्यावर एक गाठ काढून बघू द्या म्हणावं, बरेच दुकानदार देतात.

सातासमुद्रापार

परदेशातल्या मंडळींना एक सूचना, दिवाळी जवळ आली की हमखास लागते. अभ्यंगाला माणशी ५० मिली तिळाचं तेल पुरतं. वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा, मायक्रोवेव्हमध्ये ते सारखं तापत नाही, एखादी जागा चटका देण्याइतकी तापते आणि वरून समजत नाही. उटणं वस्त्रगाळ नसेल तर संत्र्याच्या सालीचे कण ओरखडे काढतात. टबमध्ये रबरी चटई अंथरा.

महत्त्वाचं पुढे. तेल पुसलेले टॉवेल ड्रायरमध्ये टाकू नका. धुऊनही तेल पूर्ण जात नाही, गरम कपड्यांच्या गठ्ठ्यात त्याचं ऑक्सिडीकरण होऊन उष्णता साठते आणि टॉवेल आपसूक पेटू शकतात. मसाज केंद्रांच्या लाँड्रीत अशा आगी लागलेल्या आहेत. जुना सुती पंचा वापरा, गरम पाण्यात जास्त साबण घालून धुवा आणि दोरीवर वाळवा. उटण्याचा चोथा जाळीवर अडवून कचऱ्यात टाका. तेलाबरोबर तो पाइपात बसला तर प्लंबरचं बिल सगळी चैन वसूल करतं.

डावी कूस

वामकुक्षी. जेवणानंतर अर्ध्या तासाने, डाव्या कुशीवर, गजर २० मिनिटांचा. अर्ध्या तासापुढे गेलात तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि डोकं बराच वेळ जड. डावी कूस अशासाठी की त्या बाजूला जठरातलं आम्ल अन्ननलिकेत कमी चढतं. पूर्ण आडवं न होता आरामखुर्चीत पडलात तर गजराशिवायही जाग येते, मान एका बाजूला कलली की. याहून जास्त लिहिण्यासारखं यात काही नाही.

रिकामटेकडी

@नळकांडं, पांढऱ्या सदऱ्यावर निळी शाई सांडली तर?

नळकांडं

घासू नका, पसरते. खाली टिपकागद धरून वरून थंड पाणी सोडत राहा, धुता येणारी निळी असेल तर बहुतेक निघते. उरलेल्या डागावर भांड्याचा साबण लावून अर्धा तास ठेवा, मग पुन्हा पाणी. लोहयुक्त काळी-निळी शाई असेल तर ब्लीच टाळा, त्याने पिवळा गंजाचा डाग पक्का होतो. तिला लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवा, नंतर खळखळून धुवा. डाग पूर्ण गेल्याची खात्री होईपर्यंत इस्त्री फिरवू नका.