पेत्राचा कोळशांचा विस्तव

कुणीतरी विचारलंय की येशूच्या शिष्यांपैकी यहूदाने त्याला धरून दिलं आणि पेत्राने तीनदा ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणून त्याला नाकारलं, मग एकालाच माफी का? मी ठाण्यात मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये जाते. दर गुड फ्रायडेला हाच प्रश्न मला छळतो.

यहूदालाही पस्तावा झाला होता, हे आपण विसरतो. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, अध्याय २७ मध्ये, तो धरून देण्यासाठी मिळालेली चांदीची तीस नाणी परत नेऊन देतो, पण याजकांकडे, म्हणजे पुरोहितांकडे. येशूकडे तो वळतच नाही, जाऊन गळफास घेतो. पेत्र मात्र रडला आणि शिष्यांमध्येच राहिला.

योहानाच्या शुभवर्तमानात पेत्र कोळशांच्या विस्तवाजवळ शेकत असताना येशूला नाकारतो. पुनरुत्थानानंतर तलावाकाठी येशू न्याहारीला बोलावतो, तिथेही कोळशांचाच विस्तव असतो! बायबलच्या अख्ख्या नव्या करारात तो मूळ ग्रीक शब्द या दोनच जागी येतो. तीन नकार, म्हणून तीनदा प्रश्न: ‘माझ्यावर प्रेम करतोस काय?’ तिसऱ्यांदा पेत्र दुःखी होतो. मला ही माफी स्वस्त वाटत नाही. जखमेवरच बोट ठेवून येशू त्याला सांगतो, माझी मेंढरं, म्हणजे माझी माणसं, सांभाळ.

यहूदा त्या सकाळपर्यंत थांबला असता तर? मला वाटतं, त्यालाही न्याहारी मिळाली असती.