फाटकाच्या अर्जात पायी जाणारे कुठे आहेत?

सचिव : नमस्कार. आपल्या सोसायटीचा रेल्वे फाटकाबद्दलचा अर्ज तयार आहे. दोन मागण्या आहेत : स्टेशनकडे जाणारा रस्ता रुंद करावा आणि फाटकावर उड्डाणपूल बांधावा. रविवारी सह्या घेऊ. काही सुचवायचं असेल तर आजच सांगा.

ए-१०२ : माझी सही पहिली. काल संध्याकाळी फाटकापाशी अर्धा तास गेला.

सी-४०३ : रस्ता रुंद व्हायलाच हवा. मागच्या तीन इमारतींत लोक राहायला आले की काय होईल, विचारच करवत नाही.

बी-३०४ : थोडं सविस्तर लिहितो. नोकरी रेल्वेत सिग्नल खात्यात झाली, म्हणून राहवत नाही. आपली कोंडी रस्ता अरुंद असल्यामुळे होत नाही, फाटकावर होते. हिशोब करून बघा. समजा एका बाजूने मिनिटाला १५ गाड्या येतात आणि फाटक १० मिनिटं बंद राहिलं. १५० गाड्या तुंबल्या. फाटक उघडल्यावर एका रांगेतून साधारण २ सेकंदाला एक गाडी निघते, म्हणजे मिनिटाला ३०. पण मागून १५ येतच असतात. म्हणजे रांग संपायला आणखी १० मिनिटं. त्याआधी फाटक परत पडलं की उरलेल्या गाड्या पुढच्या रांगेत. संध्याकाळी नेमकं हेच होतं. रस्ता चौपदरी केला तरी रुळांवरून जायची वाट तेवढीच. चार रांगा उभ्या राहतील आणि तोंडाशी घुसाघुशी होईल.

बी-३०४ : आणि आपण स्वतः काय करतो? रांग दिसली की दुचाकी आणि रिक्षा उजवीकडून पुढे. पलीकडचेही तेच. फाटक उघडतं तेव्हा दोन्ही बाजूंनी पूर्ण रस्ता भरलेला, समोरासमोर. कोणालाच हलता येत नाही. गेटमन शिट्ट्या मारतो. रुळांवर गाडी अडकली तर फाटक लावता येत नाही, आणि इंटरलॉक असलेलं फाटक लागल्याशिवाय सिग्नल मिळत नाही. रेल्वे सिग्नलपाशी थांबते, ती निघेपर्यंत मागची येते आणि पुढच्या वेळी फाटक आणखी जास्त वेळ बंद. दोन्हीकडे फाटकापर्यंत दुभाजक टाकला तर यातलं बरंच थांबेल. त्याला पुलासारखी वर्षं लागत नाहीत.

ए-१०२ : काका, हे पटलं. उजवीकडून मीही जातो. उद्यापासून नाही.

सी-४०३ : मग पूल तरी मागायचा ना?

बी-३०४ : मागायचाच. वाढत्या वस्तीला तो लागणारच. पण पूल झाला की खालचं फाटक बहुतेक वेळा कायमचं बंद करतात, हे लक्षात घ्या.

डी-२०१ : कायमचं? मग चालत जाणाऱ्यांनी काय करायचं? सासूबाई रोज फाटकातूनच पलीकडच्या दवाखान्यात जातात, गुडघ्यांचा व्यायाम असतो. पुलाचा चढ चढून, उतरून परत तेवढंच मागे यायचं? त्या नाही जाणार. आणि धडधाकट माणसं सरळ रुळांतून जातील.

डी-२०१ : मंगळवारचं सांगते. एक मालगाडी गेली, तिचा शेवटचा डबा पुढे सरकतोय तोच शाळेची दोन मुलं दांड्याखालून वाकून आत. दुसऱ्या रुळावर समोरून गाडी येत होती, मालगाडीच्या आवाजात हॉर्न ऐकूच आला नाही. एका बाईंनी मोठ्याचं दप्तर धरून मागे ओढलं. दप्तराचा बंद तुटला. अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

बी-३०४ : भरलेली मालगाडी वेगात असेल तर तिला थांबायला किलोमीटरभर लागू शकतो. ड्रायव्हरला दिसलं तरी तो काही करू शकत नाही. रुळ दोन असले की धोका दुसऱ्या गाडीचाच असतो, हे प्रत्येक घरात मुलांना सांगा.

सचिव : पादचारी पूल मागू या का?

डी-२०१ : नुसत्या जिन्याचा नको. सासूबाईंना, व्हीलचेअरवाल्यांना, बाबागाडी नेणाऱ्यांना जिना काय उपयोगाचा? उतार असलेला भुयारी मार्ग मागा. पाण्याचा निचरा आणि दिवे आधीच लिहून घ्या, नाहीतर पावसाळ्यात त्याचा हौद होतो आणि अंधारात बायका तिथून जात नाहीत.

बी-३०४ : अगदी बरोबर. आणखी एक. फाटकावर किती वर्दळ आहे हे ठरवायला भारतीय रेल्वे दिवसभरातल्या रेल्वेगाड्या गुणिले रस्त्यावरची वाहनं असा आकडा काढते, त्याला टीव्हीयू म्हणतात. समजा ४० रेल्वेगाड्या आणि २,५०० वाहनं, तर १ लाख. पायी माणूस या गुणाकारात येतच नाही. कागदावर सासूबाई नाहीत, ती मुलंही नाहीत. त्यांना आपणच मोजून अर्जाला जोडलं पाहिजे.

ए-१०२ : कसं मोजायचं?

बी-३०४ : वही घ्यायची, दर १५ मिनिटांनी रेघा. दुचाकी, रिक्षा, मोटार, ट्रक, सायकल, पायी असे रकाने. दांडा पडल्याची आणि उठल्याची वेळ वेगळी. कामाच्या दिवशी सकाळी ७ ते १० आणि संध्याकाळी ५ ते ८. रविवारचे आकडे फसवे असतात.

सचिव : रुंदीकरणाची मागणी काढतो. नवा क्रम : दुभाजक लगेच, पायी जाणाऱ्यांसाठी उताराचा भुयारी मार्ग, आणि तो सुरू झाल्याशिवाय फाटक बंद करू नये या अटीवर उड्डाणपूल. सह्या मोजणी झाल्यावर घेऊ. बुधवारी कोण कोण येतंय?

बी-३०४ : मी सकाळी, गेटमनच्या खोलीकडच्या बाजूला.

सी-४०३ : मी संध्याकाळी. सुट्टी टाकतो.

डी-२०१ : सकाळी पलीकडची बाजू माझी. पायी जाणाऱ्यांचा रकाना मला द्या.