दिघीची 'व्हीएसएनएलची जागा' नक्की कोणाची? आणि नफ्यातली कंपनी विकली कशासाठी?

दिघीकर_नवा
नमस्कार मंडळी. पुण्याजवळ दिघीला राहायला आल्यापासून एक प्रश्न डोक्यात आहे. इथे शेकडो एकर जमीन कुंपण घालून नुसती पडलीये आणि जुने लोक तिला अजून 'व्हीएसएनएलची जागा' म्हणतात. पण व्हीएसएनएल तर टाटांनी घेतली ना, मग ही जागा टाटांची का? सोसायटीच्या ग्रुपवर यावरून जोरात वाद झाला, एकजण म्हणाला सरकारने जमिनीसकट सगळं कवडीमोलाने देऊन टाकलं, दुसरा म्हणाला ती बीएसएनएलची आहे, तिसरा म्हणाला मिलिटरीची. माझा जन्म ९६ चा, मला त्या काळातलं काही आठवत नाही. जाणकारांनी नीट सांगा, मक्तेदारी असलेली, चांगला नफा कमावणारी सरकारी कंपनी विकायची वेळ का आली? आणि या कंपनीचा पुण्याशी एवढा संबंध कसा?

बिनतारी
आधी बीएसएनएलचा गोंधळ सोडवू. बीएसएनएल निघाली १ ऑक्टोबर २००० ला, त्याआधी पुण्यातले घरातले फोन थेट दूरसंचार खात्याचे. व्हीएसएनएल म्हणजे विदेश संचार निगम, ती १ एप्रिल १९८६ ची आणि तिच्याकडे फक्त परदेशचा कारभार. तुम्ही कोथरूडमधून अमेरिकेला फोन लावला की तो खात्याच्या एक्सचेंजमधून व्हीएसएनएलच्या गेटवेला, म्हणजे परदेशच्या लाइनींच्या एक्सचेंजला, जायचा आणि तिथून बाहेर. घरापर्यंत येणारी स्वतःची एक तारही तिच्याकडे नव्हती, हे लक्षात ठेवा, पुढे सगळं यावरच येतं.

आता पुणे. १९२७ साली भारत-इंग्लंड बीम वायरलेस, म्हणजे एकाच दिशेला सोडलेल्या रेडिओ लहरींची बिनतारी सेवा, सुरू झाली तेव्हा संदेश पाठवायचं केंद्र होतं खडकीला आणि घ्यायचं होतं दौंडला. म्हणजे हिंदुस्थानातून लंडनला जाणारा बिनतारी संदेश आपल्या खडकीतून सुटायचा! माझे वडील पुढे याच कामाच्या सरकारी संस्थेत, ओसीएसमध्ये होते, ते हे इतक्या अभिमानाने सांगायचे की आम्हाला पाठ झालं होतं. आणि गंमत नाही, खरंच विचार करण्यासारखी गोष्ट आहे की ही सेवा चालवणारी कंपनी तेव्हा खाजगी होती, इंडियन रेडिओ टेलिग्राफ. १९३२ मध्ये तिच्यात समुद्री केबलवाल्यांचा धंदा मिसळला, आणि १ जानेवारी १९४७ ला, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधी, सरकारने ती ताब्यात घेतली आणि ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस म्हणजे ओसीएस झाली. तिचीच १९८६ ला व्हीएसएनएल झाली. शॉर्टवेव्ह रेडिओला एरियलच्या रांगाच्या रांगा उभ्या करायला लागतात म्हणून एवढाल्या जमिनी. पुढे १९७१ ला नारायणगावजवळ आर्वीला उपग्रह केंद्र झालं, विक्रम साराभाईंच्या नावाचं, तेही पुणे जिल्ह्यातच. उपग्रह आणि केबल आल्यावर शॉर्टवेव्हचं काम संपत गेलं आणि जमिनी तेवढ्या राहिल्या.

आकडेमोड
बिनतारी काकांनी पाया छान घातला, मी विक्रीचं सांगतो कारण 'कवडीमोल' हा शब्द ऐकला की मला राहवत नाही.

नफा कुठून यायचा ते आधी बघा. परदेशातून भारतात फोन आला की तिकडची कंपनी व्हीएसएनएलला मिनिटाप्रमाणे डॉलरमध्ये पैसे द्यायची, आणि आपल्याकडून जाणाऱ्यापेक्षा येणारे फोन कितीतरी जास्त, कारण तिकडची पोरं घरी फोन करणार, इकडचे आईबाप नाही, इथून मिनिटाला साठ-सत्तर रुपये पडायचे. म्हणजे नफा होता तो बराचसा मक्तेदारीचा होता. आणि ही मक्तेदारी २००४ पर्यंत राहणार होती ती सरकारने स्वतःच दोन वर्षं अलीकडे आणली, १ एप्रिल २००२ पासून आंतरराष्ट्रीय फोन सगळ्यांना खुला. त्याच्या जेमतेम दीड महिना आधी, फेब्रुवारी २००२ मध्ये, अरुण शौरी निर्गुंतवणूक मंत्री (म्हणजे सरकारी कंपन्यांतले हिस्से विकणाऱ्या खात्याचे मंत्री) असताना २५ टक्के हिस्सा टाटांच्या पॅनाटोन फिनव्हेस्टला गेला, शेअरला २०२ रुपयाने, एकूण १,४३९ कोटी. दुसरी बोली रिलायन्सची होती, ती कमी होती. घराघरात तार नाही, मक्तेदारी संपत आलीये, अशा कंपनीला आणखी दोन वर्षांनी काय भाव आला असता हे ज्याचं त्याने ठरवावं, माझ्या मते विकायची वेळ बरोबर साधली.

आणि सरकारने सगळं विकलंच नव्हतं! २६ टक्क्यांच्या वर हिस्सा ठेवला होता, तो शेवटी मार्च २०२१ मध्ये विकला, तेव्हा ऑफर फॉर सेलचा, म्हणजे बाजारातून शेअर विकण्याचा, किमान भाव होता १,१६१ रुपये. २०२ कुठे आणि १,१६१ कुठे. मधल्या काळात कंपनीने टायको या परदेशी कंपनीचं समुद्राखालचं केबल नेटवर्क घेतलं १३ कोटी डॉलरला, मग कॅनडाची टेलिग्लोब ही दूरसंचार कंपनी घेतली, २००८ ला नाव टाटा कम्युनिकेशन्स झालं. सरकारी कंपनी म्हणून फाइली फिरवत हे झालं असतं असं मला वाटत नाही.

गियासपीएन०१
आकडेमोड, भावाचं पटलं पण फाइली फिरवत वगैरे पटलं नाही. १५ ऑगस्ट १९९५ ला देशात लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं ते याच सरकारी कंपनीने, कुठल्या खाजगीने नाही, खाजगी आयएसपींना (इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांना) परवानगीच १९९८ च्या शेवटी मिळाली. पुण्यातल्या कितीतरी छोट्या सॉफ्टवेअरवाल्यांचे पहिले ईमेल पत्ते giaspn01 वाले, म्हणजे देवनागरीत लिहायचं तर माझं इथलं नावच, त्यातलं पीएन म्हणजे पुणे. महाग होतं हे खरं, पूर्ण ग्राफिकवालं खातं वर्षाला १५,००० रुपये, आणि मोडेम लागता लागत नसे. पण सुरुवात करायची हिंमत तिथल्या इंजिनियरांनी दाखवली, त्याचं श्रेय विक्रीच्या हिशोबात कुणी धरत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि विक्रीनंतर काही महिन्यांतच व्हीएसएनएलचे १,२०० कोटी टाटा टेलिसर्व्हिसेस या टाटांच्याच फोन कंपनीत घालायचं ठरलं, तेव्हा दूरसंचार मंत्री प्रमोद महाजन उघडपणे विरोधात उभे राहिले होते. म्हणजे १,४३९ कोटी देऊन कंपनी घेतली आणि तिच्याच तिजोरीतून १,२०० कोटी आपल्या दुसऱ्या कंपनीत. हे तुम्ही सोडून दिलंत.

आकडेमोड
सोडलं हे खरं, आणि तो आक्षेप योग्यच होता. शेअर विकताना तिजोरीतल्या रोख रकमेचं काय करायचं यावर कडक अटी हव्या होत्या.

दिघीकर_नवा
सगळ्यांचे आभार, खूप कळलं. पण काका, जमिनीचं राहिलं, टाटांची की सरकारची?

बिनतारी
तिघांपैकी कुणाचंच बरोबर नाही बाळा. करारातच ठरलं होतं की जास्तीची जमीन टाटांना मिळणार नाही. पुणे, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई मिळून ७७३ एकर, त्यातली ५२४ एकर एकट्या दिघीची. त्यासाठी २००५ मध्ये हेमिस्फियर प्रॉपर्टीज नावाची वेगळी कंपनी काढली पण जमीन प्रत्यक्ष तिच्याकडे जायला जवळजवळ पंधरा वर्षं गेली, इतका उशीर का चालवून घेतला याचा राग मला आजही आहे. त्या कंपनीतले टाटांच्या २५ टक्क्यांच्या वाट्याचे शेअर सरकारकडे आले, सरकारचे स्वतःचे २६.१२, म्हणून सरकारकडे ५१.१२ टक्के. २०२० पासून ती शेअर बाजारात आहे. ग्रुपवर हेच टाका.