शब्दचर्चा : 'लँडफिल क्लोजर', 'टिपिंग फी' आणि मंडळी

सॅमामिशकर

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी एक लेख लिहायला घेतला आहे. विषय : अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या आपल्या किंग काउंटीचा कचरा कुठे जातो आणि त्याचे पैसे येतात कुठून. रेडमंड, बेल्व्ह्यू, सॅमामिश इकडे मराठी घरं भरपूर, पण मेपल व्हॅलीजवळच्या सीडर हिल्स या कचरा पुरण्याच्या जागेचं नाव फारसं कुणी ऐकलेलं नसतं. 920 एकरांची जागा आहे, 1960च्या दशकापासून तिथे कचरा पडतोय. (सिएटल शहराचा कचरा तिथे येत नाही, तो रेल्वेने ऑरेगनमधल्या आर्लिंग्टनला जातो.) काउंटीची कागदपत्रं वाचताना पाच शब्दांना मराठीत काय म्हणावं इथे अडलोय : लँडफिल, टिपिंग फी, एंटरप्राइझ फंड, क्लोजर-पोस्टक्लोजर आणि फायनान्शियल अ‍ॅश्युरन्स. 'समापनोत्तर निगा' असं छापलं तर आईचा फोन येईल, कोण गेलं म्हणून.

देवनार_नाका

लँडफिलला मुंबई महापालिका 'क्षेपणभूमी' म्हणते, पण देवनारला राहणारा कुणीही 'डंपिंग'च म्हणतो. तुमच्या लेखात मात्र 'डंपिंग' नको. खाली अस्तर, वर रोजचा मातीचा थर, गॅस ओढणाऱ्या नळ्या असा तो बांधून काढलेला प्रकार असतो. क्षेपणभूमीच ठेवा.

पाटीपेन्सिल

क्लोजरला 'बंदिस्ती' कसं वाटतं? बांधबंदिस्तीतली.

देवनार_नाका

वाचणाऱ्याला शेताचे बांध दिसतील. शिवाय नुसतं 'बंद करणे' म्हटलं की शटर खाली ओढलं आणि घरी गेलो असं वाटतं. इथे उलट आहे. गाड्या यायच्या थांबल्या की खर्चाचा वेगळाच अध्याय सुरू होतो. अमेरिकेच्या 1991च्या संघीय नियमांप्रमाणे वर किमान 18 इंचांचा पाणी अडवणारा थर आणि त्यावर झाडोरा धरेल असा किमान 6 इंच मातीचा थर द्यावा लागतो. पुढे 30 वर्षं लीचेट (कचऱ्यातून झिरपणारं घाण पाणी) उपसा, गॅस मोजा, भोवतालच्या विहिरींतलं भूजल तपासा. भारतातल्या 2016च्या घनकचरा नियमांत हीच मुदत किमान 15 वर्षांची ठेवली होती. सरकारी मराठीत 'शास्त्रोक्त पद्धतीने बंद करणे' म्हणतात. लांबलचक आहे, पण अर्थ नीट पोचतो.

गल्लीबोळ

टिपिंग फीबद्दल जरा सांभाळून. 'टिप' म्हणजे बक्षिशी नव्हे, गाडी कलती करून रिकामी करणं. आणि पैशाची दिशा बघा. आपल्या 2016च्या नियमांतली टिपिंग फी ही प्रक्रिया प्रकल्प चालवणाऱ्याला दिली जाणारी रक्कम आहे. बहुतेक ठिकाणी देणारी महापालिका. किंग काउंटीत कचरा घेऊन येणाऱ्याकडून काउंटी ती घेते. 2019 मध्ये हा दर टनाला 140.82 डॉलर होता. तुमच्या घराशी येणारी गाडी तो हस्तांतरण केंद्रावर भरते आणि तुमच्या बिलातून वसूल करते. तेव्हा नुसतं 'शुल्क' लिहू नका, 'गाडी रिकामी करण्याचं शुल्क' किंवा सरळ 'वजनी शुल्क' म्हणा.

फ्लोरिडातल्या काउंट्यांत वेगळी तऱ्हा दिसते. तिथे घरामागे ठरावीक आकार मालमत्ता कराच्या बिलातच येतो, पण घराच्या किमतीशी त्याचा संबंध नसतो. त्याला 'कर' म्हटलंत तर चूक होईल.

ताळेबंद

एंटरप्राइझ फंड = उपक्रम निधी. 'बेस्ट उपक्रम' आपण वर्षानुवर्षं म्हणतोच. सेवा घेणाऱ्याने पैसे द्यायचे, त्याच पैशात ती सेवा चालवायची, शाळा-पोलिसांच्या खात्यात हात घालायचा नाही. मुंबई महापालिकेचा पाणी-मलनिःसारणाचा 'ग' अर्थसंकल्प असाच वेगळा मांडतात.

खरी गंमत शेवटच्या शब्दात आहे, म्हणून जरा लांब लिहितो. काउंटीच्या कागदांत तीन वेगळ्या गोष्टी शेजारी शेजारी येतात आणि मराठीत तिन्हींना 'तरतूद' म्हणायचा मोह होतो.

पहिली, दायित्व. अमेरिकेतल्या सरकारी संस्थांसाठीच्या 1993च्या एका लेखामानकाने सांगितलं की झाकण्याचा आणि नंतर सांभाळण्याचा खर्च शेवटच्या वर्षी एकदम दाखवायचा नाही, जागा जितकी भरत जाईल तितका दाखवत जायचा. समजा आजच्या भावाने एकूण खर्च 6 कोटी डॉलर आणि जागा 40 टक्के भरलेली, तर 2.4 कोटी आजच देणं म्हणून लिहायचे. हे झालं वहीतलं. तिजोरीत तेवढे पैसे असतीलच असं नाही.

दुसरी, राखीव निधी. हे खरोखर बाजूला काढलेले पैसे. किंग काउंटी वजनी शुल्कातून 'लँडफिल रिझर्व्ह फंड'मध्ये भरणा करते. क्षेपणभूमीत नवे कप्पे तयार करणं, झाकणं, नंतरची देखभाल, सगळं त्यातून. सोसायटीच्या बिलातल्या सिंकिंग फंडाचा मोठा भाऊ समजा.

तिसरी, फायनान्शियल अ‍ॅश्युरन्स. झाकण्या-सांभाळण्याचे पैसे वेळ आली की देता येतील, याची खात्री पटवून देणं. 'आर्थिक हमी' हा शब्द अर्ध्याच वेळा बसतो. विश्वस्त निधी, बँकेचं पतपत्र किंवा विमा असेल तर ती हमीच. पण संघीय नियमांत काउंटीसारख्या स्थानिक संस्थेला आणखी एक वाट आहे : चांगलं बाँड रेटिंग (कर्जरोख्यांची पत) किंवा ठरलेली आर्थिक गुणोत्तरं दाखवा, खर्चाचा अंदाज वार्षिक उत्पन्नाच्या 43 टक्क्यांच्या आत असल्याचं दाखवा, एक पैसा बाजूला न काढता उत्तीर्ण व्हा. ही हमी नव्हे, ही ऐपत. तहसीलदाराकडून आपण ऐपतीचा दाखला आणतो तोच हिशोब. मला स्वतःला ही सवलत फार उदार वाटते. आज ऐपत असलेल्या काउंटीची तीस वर्षांनी असेलच, हे कुणी सांगावं?

गल्लीबोळ

'ऐपत' झकास! आणि वजनी शुल्कातला पेच लिहाच. लोकांनी कचरा कमी केला, ओला कचरा वेगळा काढला, की टन घटतात आणि उत्पन्नही. झाकायचा डोंगर मात्र तेवढाच राहतो.

सॅमामिशकर

सर्वांचे आभार. तूर्त असं लिहिलंय, बघा :

"काउंटीचा कचरा विभाग हा उपक्रम निधीवर चालतो. आज कचरा टाकणाऱ्याने भरलेल्या वजनी शुल्कातच क्षेपणभूमी उद्या झाकण्याचा आणि पुढची किमान तीस वर्षं तिच्याकडे बघण्याचा वाटा असतो. हॉबर्ट, ड्युवॉल, व्हॅशॉन या जुन्या बंद जागांची देखभाल काउंटी आजही करते."

पाटीपेन्सिल

'तिच्याकडे बघण्याचा' म्हणजे नजर ठेवणं वाटतंय. 'तिचा सांभाळ करण्याचा' करा. आणि काउंटीला 'जिल्हा' केलं नाहीत ते बरं केलंत. जिल्हाधिकारी निवडून येत नाहीत, काउंटीचे कारभारी येतात.